जवळा निवडणाऱ्या आजी

रविवार, संध्याकाळ

कंटाळा आलाय. कॅमेरा अजून पिशवीतच आहे, बाहेर काढावासाही वाटत नाही.

सकाळी दादरला, आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपमध्ये, शेजारच्या आजींचा फोटो दाखवला. चाळीच्या गॅलरीत बसून जवळा निवडतायत, डोळे बारीक केलेले, कपाळावर आठ्या. त्यांना न सांगता काढलेला. सगळे वा वा करत होते. सर म्हणाले, "नजरेत अख्ख्या गिरणगावाचं दुःख आहे. आणि मागची खिडकी फ्रेममधून कापलीस म्हणतेस, ते फार छान केलंस." हरखले मी, खोटं कशाला बोलू?

लालबागला परतल्यावर प्रिंट घेऊन थेट आजींकडे गेले. सरांचं म्हणणंही सांगितलं. आजी फोटो लांब धरून बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "दुख्ख कसला गो बाये? चष्मो गावत नव्हतो माका, जवळ्यातलो कचरो दिसतलो कसो? जेवताना ह्यांच्या दाताखाली रेव इली, तर ताट सारून उठले."

फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "तू थयच हुतंस मां? मगे चष्मो शोधून देवक काय झाला?"

रागावल्या नव्हत्या. चहासुद्धा दिला.

"मला नाही दिसला हो," म्हटलं मी.

घरी येऊन मूळ फोटो उघडला. मागे खिडकीच्या कठड्यावर चष्मा आहे, अगदी स्वच्छ दिसतोय. आठवतंय ना आता? तो चमकत होता, नजर सारखी तिकडेच जात होती. म्हणून तर खिडकी कापली मी.