मतमाउलीच्या यात्रेला

आई,

तुमच्या नातीला, जान्हवीला घेऊन मी हरेगावला, मतमाउलीच्या यात्रेला निघाले आहे. आज मतमाउलीचा, म्हणजे मरियामातेचा जन्मदिवस. लग्नापासून दर सप्टेंबरात तुम्ही काहीतरी कारण काढून मला अडवलंत. काल म्हणालात, "पितृपक्ष लागलाय, आणि शेजारच्यांनी विचारलं तर काय सांगू?" सांगा, सून ख्रिस्ती आहे, आपल्या देवीला गेली आहे. गेल्या आठवड्यात गौरी मीच सजवल्या, तेव्हा माझा धर्म कुणी विचारला नव्हता.

माझी आई मला कडेवर घेऊन तिथे जायची. ती जाऊन वर्ष झालं. तिच्या नावाची मेणबत्ती लावायची आहे. पितृपक्ष माझ्याही माणसांचा असू द्या.

आमटी फ्रिजमध्ये आहे, गरम करून घ्या. बीपीची गोळी विसरू नका. तुमच्या लेकाला, पियूषला मी फोन करीन, तुम्ही त्याच्यावर चिडू नका.

तुम्ही माळ्यावर टाकलेली मरियामातेची मूर्ती पुसून हॉलमध्ये ठेवली आहे. ती आता तिथेच राहील. पंधरा तारखेला दुःखी मातेचा सण आहे. त्या संध्याकाळी मी घरात माळ घेऊन रोझरीची प्रार्थना म्हणणार, तीही दार उघडं ठेवून. तुम्ही आलात तर सतरंजीवर जागा आहे.

रोझलिन