मावशी, तुमची पाठ दुखत नव्हती

प्रिय सुगंधामावशी,

आज मी एका पेशंटवर ओरडले. भर दवाखान्यात, चार माणसांसमोर!

दहिवलीचे ते रिटायर्ड मास्तर, गुडघ्यांच्या फिजिओथेरपीला येतात ते. व्यायामाआधी बीपी मोजलं तर आकडा भलताच वर. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी गोळी आपल्या मनाने बंद केली होती. का? तर बरं वाटत होतं म्हणून! आणि मी विचारायचे तेव्हा रोज "घेतली, घेतली" म्हणत होते. "मग मी इथे बसलेय कशाला? तुमचं खोटं लिहून घ्यायला?" असं बोलले मी, माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला. मास्तरांनी मान खाली घातली. त्यांच्या पत्नी उगाच पिशवीत काहीतरी शोधत राहिल्या.

नंतर त्यांच्या डॉक्टरांना फोन केला, मास्तरांची माफी मागितली, त्यांना तिकडे धाडलं. पण आतल्या खोलीत येऊन बसले तरी राग जाईना. मास्तरांवर एवढं चिडण्यासारखं काय होतं? ते तर वेळेत सापडले. राग तुमच्यावर होता, मावशी. आणि माझ्यावर. चार महिने झाले, उतरतच नाही. म्हणून लिहितेय.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा कामाला नव्हता आलात, आठवतंय? सासूबाईंना घेऊन आला होतात. त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. भिवपुरीच्या पलीकडच्या तुमच्या गावाहून आठवड्यातून तीनदा त्यांना रिक्षात घालून आणायचात. मी एक व्यायाम दाखवला की घरी तुम्ही त्याचे दहा करून घ्यायचात. सासूबाई शिव्या द्यायच्या आणि तुम्ही हसत हसत त्यांचा हात वर न्यायचात. त्या गेल्यावर महिनाभराने दारात उभ्या राहिलात. "ताय, आता घरात हात रिकामे हायेत. काय काम असलं तर सांग." सहा वर्षं झाली त्याला.

मी तुम्हाला झाडायला-पुसायला ठेवलं होतं. तुम्ही काय काय शिकलात! शेकाच्या पिशव्या, पट्टे, मशिनच्या तारा. बीपीचा पट्टा दंडाला बांधून आकडा वहीत लिहिणं तर तुमचंच काम झालं. आणि नजर! ती मी नाही शिकवली.

खोपोलीचा तो टेंपो ड्रायव्हर आठवतो? प्लास्टर नुकतंच निघालेलं. पोटरी दुखते, मालिश करून द्या, म्हणत होता. मी तेलाची बाटली शोधत होते. तुम्ही त्याच्या दोन्ही पायांवर हात ठेवलेत आणि मला पडद्यामागे ओढलंत. "एक पाय तापलाय गं, दुसरा गार हाय. नि सूज बघ. मालिश नको करू, मला भ्या वाटतंय." मी नीट पाहिलं. शिरेत रक्ताची गाठ होती. मालिश केली असती तर ती सुटून फुप्फुसात गेली असती. तसाच हॉस्पिटलात पाठवला. तिथल्या डॉक्टरांनी फोन करून माझं कौतुक केलं. मी म्हणाले, आमच्या मावशींनी ओळखलं. त्यांना ती थट्टा वाटली.

तुम्ही दुसऱ्याच्या पायातली गाठ हाताने ओळखलीत हो! मग स्वतःचं काय झालं?

कोणी पेशंट काही सांगायला लाजला की तुम्हीच दटावायचात. "बाय, डाक्टरापासून लपवून काय मिळणार हाय? बोल की!" हे दुसऱ्यांना सांगताना तुम्हाला एकदाही वाटलं नाही, आपणही बोलावं?

एकदा बीपीचा पट्टा बांधून घ्यायला एक म्हातारी घाबरत होती. तिला दाखवायला तुम्ही तो स्वतःच्या दंडाला बांधलात. आकडा आला तो बघून हसलात. "ताय, मशिन बिघडलं हाय. मी काय एवढी तापलेय?" आणि मी? मी मशिनचे सेल बदलले. सेल बदलले, मावशी! म्हातारीचं बीपी घेतलं, बरोबर आलं आणि पुढच्या पेशंटकडे वळले. पट्टा परत तुमच्या दंडाला बांधायला किती वेळ लागला असता?

मग दिवाळीनंतर पाठ सुरू झाली. "खांद्यांच्या मधोमध आखडल्यागत होतं," म्हणालात. मी म्हटलं, बादल्या उचलून स्नायू धरला असेल. खुर्चीत बसवलं, पाठीला गरम पिशवी लावली. दहा मिनिटांनी विचारलं, कसं वाटतंय? "गेलं बघ! तुझ्या शेकाला गुण हाय."

मला किती बरं वाटायचं ते ऐकून! रोज अकराच्या सुमाराला, लादी पुसून झाली की तुमचा शेक. रोज दहा मिनिटांत दुखणं गायब.

शेकाने जात नव्हतं ते. तुम्ही बसत होता म्हणून जात होतं. लादी पुसली की यायचं, टेकलात की थांबायचं. छातीचं दुखणं पाठीतून बोलत होतं. बायकांमध्ये, त्यातही तुमच्या वयाच्या, ते असंच आडवाटेने येतं, हे मी कॉलेजात शिकले आहे. पहिल्या वर्षाच्या पोरीलाही पाठ असतं, की आधी तीन गोष्टी विचारायच्या: कधी दुखतं, कशाने वाढतं, कशाने थांबतं. अनोळखी माणूस आला तरी मी विचारते. तुम्हाला नाही विचारलं.

कारण तुम्ही पेशंट नव्हता. तुम्ही घरच्या होता. परवा मी कपाटातले सगळे केसपेपर काढून बघितले. तुमच्या सासूबाईंचा आहे, तुमच्या दिरांचा आहे, तुमच्या गावातल्या निम्म्या बायकांचे आहेत. तुमचा नाही.

एकदा तुम्ही म्हणालात, "आता गावातनं रस्त्याला येताना चढणीला दोनदा थांबावं लागतं." मी काय म्हणाले? "वजन कमी करा मावशी, भात कमी खा." आणि आपण दोघी हसलो. त्या हसण्याचं काय करू मी आता?

नाही म्हणायला एकदा डॉक्टरांकडे पाठवलं होतं तुम्हाला. त्यांनी तपासलंही नाही, गॅसची गोळी दिली, "वयोमानाने होतं" म्हणाले. तुम्ही आनंदाने परत आलात. मला त्यांचा राग येतो, फार येतो. पण त्यांना चिठ्ठीत मी काय लिहिलं होतं? "पाठदुखी." एवढंच. चढणीवरचं थांबणं लिहिलं असतं तर त्यांनीही कान टवकारले असते. की नसते? गुडघ्याच्या बाईने हृदयाबद्दल लिहिलेलं किती जण वाचतात? आम्हा फिजिओथेरपिस्टना अजून मालिशवाल्या समजतात, मावशी. पण म्हणून मी लिहायचंच नाही, असं कुठे होतं?

तो मंगळवार. जानेवारीची थंडी, आणि तुमच्या कपाळावर घाम. "पित्त झालंय, जरा पडते," म्हणालात. माझ्या हातात एका पेशंटचा आखडलेला खांदा होता. "पडा, आलेच दोन मिनिटांत." दोनाची वीस झाली. मी आले तेव्हा तुमचा रंग राखेसारखा होता आणि तुम्ही जबडा धरून बसला होतात.

त्यानंतर मात्र मी सगळं बरोबर केलं. कर्जतच्या हॉस्पिटलात नेलं, ईसीजीची पट्टी काढली, त्यांनी गोळ्या दिल्या, ताबडतोब पनवेलला न्या म्हणाले. ॲम्ब्युलन्समध्ये तुमचा हात माझ्या हातात होता. तुम्ही बोलत काय होता?

"ताय, ती भिसेगावची बाई... तिच्या कमरेला शेक तसाच हाय. भाजंल तिला."

"काढला, मावशी."

"नक्की?"

"नक्की."

मला माहीत नव्हतं काढला की नाही. मी खोटं बोलले. चौक गाव ओलांडलं आणि तुमच्या हाताची पकड गेली. मी छाती दाबत राहिले. पनवेलच्या दारापर्यंत दाबत राहिले.

तुमच्या रंजनाला कसं सांगितलं, ते लिहवत नाही. पण दहाव्यानंतर तुमच्या घरी गेले तेव्हा ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने मला बस म्हटलं नाही. सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "आयची तर पाठ दुखत होती ना? मग हार्ट कसं?"

मी समजावलं. चढण, घाम, बसल्यावर बरं वाटणं, सगळं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आमी तिला म्हणायचो, मोठ्या डाक्टरला दाखव. ती म्हणायची, कशाला? आमची ताय हाय ना, ती रोज बघते मला." आणि तिने विचारलं, "म्हंजे तुला पण नाय कळलं?"

"कळलं नाही असं नाही गं. मी विचारलंच नाही."

तिने सूप उचललं आणि आत गेली.

मावशी, एवढा विश्वास का ठेवलात माझ्यावर? थोडा कमी ठेवायचा होता! भांडायचं होतं माझ्याशी. "ताय, तुझ्या शेकाने काय होत नाय, मला नीट तपास," असं एकदा खडसावायचं होतं. तुम्ही मला बरं वाटावं म्हणून तर "गुण हाय" म्हणत नव्हता ना? हा विचार आला की मला दवाखान्यात बसवत नाही.

पण बसते. नवीन पेशंट आला की जुनी वाक्यं तोंडात येतात, आणि मी ती गिळून आधी गप्प ऐकते. आपल्या इमारतीचा वॉचमन, चहा आणून देणारा अब्दुलभाई, सगळ्यांचे केसपेपर केले. अब्दुलभाई चिडलाच. "मॅडम, मी चहा द्यायला आलोय, आजारी पडायला नाही!" साखर निघाली त्याची. आता तो व्यायाम म्हणून दोन गल्ल्या फिरून चहा देतो आणि मला शिव्या देतो. देऊ दे.

आणि रंजना. ती अजून तुमच्याच घरी आहे. तिला मी चार वेळा फोन केले, तिने उचलले नाहीत. शेवटी गेल्या आठवड्यात तिच्या नवऱ्याने तिला माझ्याकडे आणलं, डोकं दुखतंय म्हणून. बीपी वाढलेलं आहे, मावशी. तुमच्या लेकीचं, चौतिसाव्या वर्षी. मी या वेळी लांबलचक चिठ्ठी लिहिली, तुमच्याबद्दल सगळं लिहिलं, आणि डॉक्टरांपर्यंत तिच्याबरोबर गेले. त्यांनी पट्टी आणि रक्त तपासायला सांगितलंय. ती परत येताना रिक्षात तोंड फिरवून बसली होती. उतरताना म्हणाली, "मला काय झालंय? मी येणार नाय." अगदी तुमच्यासारखी. तोच आवाज, तोच हट्ट!

तिने मला माफ करावं अशी माझी अपेक्षा नाही. तुम्ही केलं असतंत, लगेच केलं असतंत, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो.

पण एक वचन देते. गुरुवारी तपासणी आहे. सकाळी नऊला मी तुमच्या दारात उभी असेन. रंजनाने दार लावून घेतलं तर ओट्यावर बसेन. ती शिव्या देईल, त्या ऐकेन. पेशंट खोळंबले तर खोळंबू देत. दुपार झाली तरी उठणार नाही, आणि तिला घेतल्याशिवाय रस्त्याची ती चढण चढणार नाही.

तुमची,
मेधा