निजलेला रोमन राजा

सौंसर, डिसेंबर १९५६

ती. सौ. सुधाताईस,

रजनीचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझी कंबर, भाऊजींचा खोकला आणि तुझ्या सासूबाईंचा स्वभाव, तिन्ही आता बरे असतील असं धरून चालते. इकडे आई ठीक. तू सुचवलेलं प्रभाकर नावाचं स्थळ मला नको, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं सावकाश वाचशील.

तूच म्हणाली होतीस, मुलगा नागपुरात वकीलसाहेबांच्या खाजगी संग्रहालयात कामाला आहे, तर शाळेची सहल तिकडेच ने, सहज बघणं होईल. नेली. (नागपूर आता मुंबई राज्यात आणि आपण नव्या मध्य प्रदेशात, त्यामुळे परराज्यात मुली न्यायला कोणाला विचारावं यावर मोठ्या बाई आठवडाभर विचार करून राहिल्या होत्या. शेवटी नागपूरची छोटी रेल्वेगाडी कोणाला न विचारता जाते, तशा आम्हीही गेलो.) सोबत शाळेची शिपाईण जयवंताबाई होती. देव दिसला की तिची तेल-शेंदराची पिशवी आपोआप सुटते, हे तुला माहीत आहेच.

तुझा प्रभाकर आत मुलींना रोमची नाणी, फुटके रांजण आणि तिथल्या पडक्या देवळांचे फोटो दाखवून राहिला होता. सांगत छान होता, पण माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. (मी बघून राहिले होते म्हणून कळलं.) तेवढ्यात अंगणात नारळ फुटल्याचा आवाज आला. बाहेर वकीलसाहेबांनी विलायतेहून आणलेला कोण्या रोमन राजाचा प्लास्टरचा पुतळा, चौथरा व्हायचा होता म्हणून पिंपळाखाली आडवा ठेवलेला. आता तूच सांग, आपला जामसांवलीचा मारुती निजलेला. पिंपळाखाली निजलेला, उघड्या दंडांचा, डोक्याला पानांची माळ घातलेला (आपल्याला ती रुईचीच वाटणार) दणकट गडी दिसला, तर आपल्याकडच्या माणसानं दुसरं काय समजावं? जयवंताबाईनं त्याला पायापासून नाकापर्यंत तेल-शेंदूर लावला होता आणि अर्ध्या मुली प्रदक्षिणा घालून राहिल्या होत्या.

प्रभाकर मटकन खालीच बसला. प्लास्टर तेल पिऊन घेतं म्हणे, डाग जन्मात निघायचा नाही. मग माझ्यावर घसरला, की मास्तरीण असून रोमन आणि मारुती कळत नाही का. मी काय ऐकून घेते? देवासारखा निजवून ठेवायचा, पाटी लावायची नाही आणि वर आम्हालाच बोलायचं, असं चांगलं सुनावलं. जयवंताबाईचं निराळंच. "भाऊ, राजा असन तर असन, पण आता त्याले पुसू नका." असा तापट माणूस मला नको. आईलाही तसं सांगितलं आहे. तू नकार कळवून टाक.

तुझी,
रजनी

ता. क. वकीलसाहेब आले तेव्हा त्याची नोकरी जाते की काय म्हणून मी सगळं कान देऊन ऐकलं. त्यानं आमचं नावही घेतलं नाही. पाटी लावायला मीच विसरलो, एवढंच म्हणाला आणि बोलणी खाऊन घेतली. मला फार वाईट वाटलं. नोकरी राहिली. आम्ही निघेपर्यंत शेजारच्या दोन बाया फुलं घेऊन आल्या होत्या.

आणखी एक. निघताना त्यानं जयवंताबाईकडून प्रसादाचं खोबरं मागून घेतलं आणि मारुती खरंच निजलेला असतो का, असं मला विचारलं. येत्या शनिवारी बघायला जामसांवलीला येतो आहे. तू भाऊजींना घेऊन ये, नाहीतर लोक काय म्हणतील. नकार कळवला असशील तर काहीही सांगून परत घे. आईला मी काही बोललेली नाही, ते वर उगाच लिहिलं. माझी निळी साडी तू नेली होतीस, ती आठवणीनं आण. शेंदूर मात्र आणू नको. या वेळी तो मी आणतो, असं त्यानं सांगितलं आहे.