विहिरीऐवजी रेडिओ

तांडा, घाटंजीजवळ
वैशाख, १९६३

तीर्थस्वरूप सेवादासमामांना हंसाचा साष्टांग नमस्कार.

तुमची कंबर आणि तुम्ही चालवता ती साहेबांची जीप, दोघींची प्रकृती कशी आहे? (एकत्रच विचारते, कारण एकीचे स्प्रिंग गेले की दुसरी धरतेच.) इकडे तुमची बहीण, म्हणजे आमची याडी, खुशाल आहे. रुपीवहिनीला सातवा महिना लागला, तरी पाण्यासाठी तिला नाल्याचा उतार उतरावाच लागतो. परवा ती भरल्या घागरीसकट घसरली. घागर फुटली, वहिनी वाचली. पुढच्या वेळी उलटे झाले तर, या विचाराने माझा डोळा लागत नाही.

म्हणून गावाचा विकास आराखडा करायचे ठरले तेव्हा मी हट्टाने त्यात शिरले. (पोरीले कायले शिकवता, असे विचारणाऱ्या आमच्या तांडाप्रमुख फुलसिंग नाईकांनीच मला लिहायला बसवले. तांड्यात दुसरे कोणी बी.ए. नाही.) गावाला चावडीवर नवी कौले हवी होती. पण ग्रामसभेत तांड्याची विहीर पहिल्या नंबरावर घालूनच मी खाली बसले. आता तुमच्या गटविकास साहेबांनी येऊन गरज तेवढी तपासायची होती. तशी रीतसर सूचना आली. मी ती तांड्यात रीतसर वाचून दाखवली, आणि तिथेच घात झाला.

तुम्ही त्या दिवशी रजेवर होतात म्हणून सांगते. पहाटेच साऱ्या बाया नाल्यावर! अंगणात सडा, दारोदारी भरलेल्या घागरी, गुरांची डोणी काठोकाठ. मी ओरडले, "याडी, काय करून राह्यली तू? साहेबाले कोरड दाखवायची हाये ना!"

"दारी पाहुणा येईन अन् त्याले रिकामी घागर दाखवू? हेच शिकली का कालेजात?"

निदान डोणी तरी उपसा, म्हटले, तर नाईक म्हणाले, "साहेबाच्या घोड्याले लागंन." (साहेब जीपने येतात हे त्यांना ठाऊक आहे. पण पाहुण्याचा घोडा धरून चालायचाच असतो.)

साहेबांचे पाय धुतले. मी उतार सांगितला, वहिनीचे पडणे सांगितले, आणि माझ्या प्रत्येक वाक्यामागून याडी लोटा पुढे करत होती. "फार गोड पाणी हो तुमचं," म्हणून साहेबांनी शेरा मारला: पाणी मुबलक, विहिरीऐवजी सामुदायिक रेडिओ द्यावा.

शुक्रवारी पंचायत समितीच्या बैठकीत आराखडा मंजूर होईल, की विहीर गेलीच. पुन्हा तपासणी करा, असा मी अर्ज केला. उत्तर आले, करू, पण रीतसर सूचना देऊन. म्हणजे पुन्हा सडा!

तरीही मामा, खोटेपणाने मिळालेली विहीर मला नको. सत्य नीट मांडले की ते पटतेच, यावर माझा विश्वास आहे.

तुमची भाची,
हंसा

ता. क. बुधवारी साहेब घाटंजीहून आमच्याच वाटेने परततात ना? आमच्या चिंचेखाली, भर दुपारी, जीपचे रेडिएटर कोरडे पडू शकते का? यात खोटे काहीच नाही. पाणी तुम्ही मागायचे, नसलेले साहेबांना दिसेल. तांड्यात मात्र कोणाला कळू देऊ नका.

आणखी ता. क. पत्र कोणाला, असे याडीने विचारले. मला खोटे बोलता येत नाही. भाऊ येणार म्हणून तिने आत्ताच दोन घागरी भरून झाकून ठेवल्या. तिसरीसाठी रुपीवहिनी निघाली होती. तिला बसवून मीच उतरते आहे. रेडिएटर तीन घागरींहून मोठे हवे, मामा. तेवढे बघा.