जड नाव

प्रिय नीनिंगताई,

खोकं उघडलंस की आधी हे पत्र वाच, मग वायर लाव. दादनकाका घरात असतील तर दोन्ही नंतर. आबांचा कॉम्प्युटर चालू झालाय, एवढं ऐकून आधी मोकळा श्वास घे. बाकीचं सावकाश सांगतो.

जहाजातून इथे बाताम बेटावर पोचला तेव्हा त्याचा पंखा एकदा गरगरायचा आणि गप्प. पडदा काळाच. आमच्या दुरुस्तीच्या दुकानाचे मालक को आलियोंग म्हणाले, "ओदिह, हे दुरुस्तीला नाही, दफनाला आलंय." मी म्हटलं, "दफन आबांचं झालं, को. याचं नाही करायचं." दुपारी त्यांनी फळीवरून एक चांगला पॉवर सप्लाय काढून माझ्यापुढे ठेवला. झाकण उघडलं तर आत आपल्या कारखान्यातल्या धाग्यांचा लगदा, उशी भरेल इतका, आणि त्यात पालीची वाळलेली अंडी. आबा रोज फडकं मारायचे ना, पण बाहेरून. सगळं उपसलं, मेमरीच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या, फुगलेले कपॅसिटर बदलले, तरी मदरबोर्ड उठेना. मग हार्ड डिस्क काढून दुसऱ्या बोर्डाला जोडली. कुरकुरली, पण उठली. आबांची मोगऱ्याची वेल, तो शेपटीवाला पक्षी, सगळी नक्षी जागच्या जागी. फक्त उघडेना. भरतकामाच्या प्रोग्रामला नवं अंग दिसलं आणि तो लायसन्सचा नंबर मागत बसला.

तू फोनवर नुसतं कॉम्प्युटरचं विचारायचीस, पण बाकीचं मला कळत होतं. जाकार्तातल्या तानाह आबांग बाजारातल्या व्यापाऱ्याला ईदच्या आधी तीच वेल भरलेले नमाजाचे झगे हवेत. तो दुसरीकडे गेला की काका भरतकामाची यंत्रं विकायला मोकळे. आणि काका म्हणालेच होते, "ओदिह? जो शाळेत टिकला नाही, बांधकामावर टिकला नाही, तो मेलेलं यंत्र उठवणार?" पेचकस हातात घेताना मी रोज हे वाक्य आठवायचो. त्याने हात स्थिर राहतो, खरंच.

प्रोग्राम विकणाऱ्यांना जाकार्ताला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, आबांचा फोन नंबर जुळतोय, आता नोंदणी कोणाच्या नावावर आहे तेवढं सांगा. आबांचं नाव सांगितलं, नाही. तुझं, नाही. कारखान्याचं, नाही. ओदिह, तेही नाही. "दादा, अख्ख्या गावाची नावं घेणार का? नीट आठवा आणि उद्या फोन करा," म्हणाली.

मग आठवत बसलो. हा प्रोग्राम आला तो मी शाळा सोडली त्याच वर्षी. कॉम्प्युटरसमोरची खुर्ची आबांनी माझ्यासाठी आणली होती. मी किती दिवस बसलो त्यावर, तुला माहीतच आहे. माझे पाय कधी एका जागी राहिलेत? आणि तेव्हा ते नाव आठवलं, जे आपल्या घरात कोणी घेत नाही. लहानपणी मला सारखा ताप यायचा, तेव्हा आजोबा म्हणाले, पोराला नाव जड झालंय, उतरवा. नाव बदलताना करतात ती लाल आणि पांढरी पेज शिजली, शेजारी जेवून गेले, आणि मी ओदिह झालो. जुनं नाव घेतलं की ताप शोधत येतो म्हणून आबा ते ओठांवरसुद्धा येऊ द्यायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, अपशकुन टळावा म्हणून टेबलाच्या लाकडावर बोटं ठोकून मी ते मोठ्याने घेतलं. विराकुसुमा. पलीकडे कीबोर्ड खटखटला. मग ती मुलगी म्हणाली, "हां, हेच आहे. नंबर लिहून घ्या." को आलियोंग मान वर न करता म्हणाले, "हा कोण नवीन?" मी म्हटलं, "मीच."

चारचौघांत आबा मला भटक्या म्हणायचे. लायसन्स मात्र माझ्या नावावर घेतलं, तेही त्या नावावर.

नंबर झाकणाच्या आत चिकटवलाय. वेल उघडते, भरायला घे. काकांना सांग, यंत्रं विकायची नाहीत, प्रोग्राम ज्याच्या नावावर आहे तो नाही म्हणतोय. मी ईदच्या आधी बोटीने येतोय. कायमचा का, ते आत्ता विचारू नकोस, पण त्या खुर्चीवर या वेळी बसणार आहे, आणि झगे पुरे झाल्याशिवाय उठणार नाही. एक काम मात्र तुझ्याशिवाय व्हायचं नाही, आणि ते नाव फोनवर तुझ्या कानावर घालवेना, म्हणून हे पत्र. आई-आबांच्या मागे घरात मोठी तूच. मी आलो की लाल आणि पांढरी पेज शिजव, रोजा सोडायला शेजाऱ्यांना बोलाव. मला ते नाव परत घ्यायचंय. घेतलं त्या दिवसापासून कपाळाला हात लावून बघतोय. ताप नाहीये, ताई. आता पेलवेल.

तुझाच,
पेज शिजेपर्यंत तरी ओदिह