पूर्व किनाऱ्याचा स्वतंत्र कारभार

१५ फेब्रुवारी, पहाटे (म्हणजे तशी सकाळच)
संकल्प : यंदाचा पहिला हळद्या मीच पाहणार.

हळद्या म्हणजे तो पिवळाधमक पक्षी. वसंताच्या तोंडावर येतो, दाट पानांत लपतो, भलता लाजाळू. आमच्या निसर्ग क्लबचा रिवाज असा की ज्याला तो पहिल्यांदा दिसेल त्याने मार्चमधली वसंत-फेरी न्यायची. पुढे आपण, हातात भोंगा, मागे पंचवीस-तीस माणसं, आणि बोलायचं फक्त आपण. गेली दोन वर्षं हा मान दातांच्या डॉक्टरला. गेल्या फेरीत तो असा कुजबुजत होता की शेजारच्याला वाटावं डास आहे.

मी जन्मभर बसस्टँडवर अनाउन्सर होतो. माझ्या आवाजाने बहिऱ्या माणसांनाही गाड्या मिळालेल्या आहेत. रिटायर झाल्यापासून मात्र धड ऐकून घेणारं कुणी नाही. मी बोलायला लागलो की ही मिक्सर लावते. परवा तर रिकामाच लावला होता. ते काही नाही, फेरी हवी म्हणजे हवी.

उद्यापासून पाचला उठणे. आजचा दिवस तयारीचा.

१६ फेब्रुवारी
साडेआठला उठलो. शरीराला एकदम धक्का देऊ नये.

एक अडचण. क्लबचा नियम : पक्षी दोन सभासदांनी मिळून पाहिला तरच नोंद. एकट्याने पाहिलं ते स्वप्न, असं अध्यक्षबाई म्हणतात. बाई मुख्याध्यापिका होत्या. अजूनही त्यांच्यासमोर आम्ही सगळे हात मागे घेऊन उभे राहतो. म्हणजे साक्षीदार शोधणं आलं.

१८ फेब्रुवारी
क्लबातल्या टेलरला घेऊन तळ्यावर. माणूस चांगला, नजर तर सुईच्या नेढ्यातून आरपार जाणारी. वाटेत त्याला हळद्याचं खाणं, स्वभाव, घरटं, सगळं समजावून दिलं. पोचेपर्यंत तळ्यावर एक पक्षी नाही. टेलर म्हणाला, काका, थोडा वेळ गप्प बसून बघू या का? कल्पना उत्तम. मौनाचं महत्त्व त्याला पाऊण तास समजावून सांगितलं.

पक्षी शून्य. हवा बरी नसावी.

२१ फेब्रुवारी
टेलरकडे अचानक कामाचा ढीग पडला. महिनाभर मान वर करायला फुरसत नाही म्हणाला. दुकानावरून गेलो तेव्हा पेपर वाचत होता. मान खालीच होती म्हणा.

बाईंनी आज दातांच्या डॉक्टरलाच माझ्याबरोबर धाडलं. मनात किंतु ठेवला नाही. सगळा वेळ त्याच्या तोंडावर बोट. मधूनमधून माझ्याकडे बघून ते जास्तच दाबायचा, डोळेही मोठे करायचा. दाढ दुखत असावी. दातांच्या डॉक्टरचे दात कोण बघणार? मला वाईट वाटलं. लवंग धरा म्हणून सांगितलं, दोन-तीनदा, मोठ्याने.

पलीकडच्या झुडपात पिवळं काहीतरी हललं! मी ओरडलो. जवळ जाऊन बघतो तर बिस्किटाच्या पुड्याचा कागद. पण मी ओरडायच्या आधी तिथे हळद्या नव्हताच, असंही कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

२४ फेब्रुवारी
क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसती धमाल. कुणाला धोबी दिसला, कुणाला खंड्या, बाईंना चक्क घुबडाची पिल्लं. मी प्रत्येक फोटोवर मार्गदर्शनपर व्हॉइस मेसेज टाकले. घुबडावरचा जरा लांबला. विषयच तसा.

कुणी ऐकल्याचं दिसत नाही. नेटवर्कचं काहीतरी करायला पाहिजे.

२७ फेब्रुवारी
चहाच्या वेळी ही म्हणाली, स्वयंपाकघरामागच्या झाडावर दुपारी एक पिवळा पक्षी येतो, डोळ्यात काजळ घातल्यासारखा. मला हसू आलं. हौशी लोकांना काय, जे पिवळं ते हळद्या. तिला पिवळ्या पक्ष्यांचे प्रकार सांगायला बसलो. दुसऱ्या प्रकारावर मिक्सर.

मिक्सर थांबल्यावर म्हणाली, एक दिवस माझ्याजवळ मागच्या पायरीवर नुसते बसा, म्हणजे दिसेल. म्हटलं, बाई गं, मला तळ्यावर जायचं असतं, हे काम बसल्या बसल्या होत नाही. शिवाय ती सभासद नाही. तिची साक्ष चालणार कशी?

२ मार्च
क्लबची मीटिंग. दारातून मी आत शिरलो तशी कुजबुज बंद. काहीतरी माझ्याबद्दलच चाललं होतं हे चाणाक्ष माणसाला लगेच कळतं.

आणि खरंच! रविवारी सगळ्यांनी मिळून तळ्यावर हळद्या शोधायचा, त्यात मला पूर्व किनाऱ्याचा स्वतंत्र कारभार. बाकी सगळे पश्चिमेच्या झाडीत, पूर्वेला मी एकटा. बाई म्हणाल्या, तिथे तुम्ही अगदी मोकळ्या आवाजात बोला, संकोच करू नका. कुणाशी बोलू विचारलं, तर म्हणाल्या, तुम्हाला कुणी लागतं का? किती बारकाईने ओळखलंय बघा. साक्षीदाराच्या नियमाचं काय, हेही विचारलं. पूर्वेला दुसऱ्या माणसाची गरज नाही असं एकमताने ठरलं. एकमत! या क्लबात चहात साखर किती यावर आजवर एकमत झालेलं नाही. टेलरने तर टाळी वाजवली. डॉक्टरने दोन्ही हातांनी माझा हात दाबला.

बोलणाऱ्याची बोरं खपतात म्हणतात ते खोटं नाही. हिला सांगितलं.  ती म्हणाली, जाऊ नका हो. हेवा माणसाला कुठे सुटतो.

५ मार्च, रविवार, सकाळी पाच
आज उठलो! गजर न लावता!

५ मार्च, दुपारी
पलीकडून बाईंनी रुमाल हलवला आणि मी सुरू केलं. आधी पक्ष्यांची माहिती, ती संपल्यावर जुन्या गाड्यांच्या घोषणा. सगळ्या पाठ आहेत अजून. कुठली गाडी, कुठला फलाट, सामान सांभाळा, पोरं सांभाळा. भोंगा नाही, माईक नाही, पण पाण्यावरून आवाज असा घुमला की अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत असं मन मोकळं झालं नव्हतं.

पूर्वेला पक्षी एकही नाही. जे होते ते सगळे उठून पश्चिमेला गेले.

पलीकडे टाळ्या.

५ मार्च, संध्याकाळी
ग्रुपवर अहवाल आला. यंदाचा पहिला हळद्या : दातांचे डॉक्टर आणि टेलर. वसंत-फेरी डॉक्टरच नेणार. खाली बाईंची ओळ : ‘पूर्वेकडून हाकारे घालणाऱ्या काकांचे विशेष आभार.’

हाकारे. शिकारीत जनावर बंदुकीकडे हुसकायला जे ओरडतात ते.

हिला विचारलं, याचा दुसरा काही अर्थ होतो का? तिने भांडी आवरायला घेतली. म्हणजे तिला आधीच कळलं होतं. जाऊ नका हो म्हणाली होती.

वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. ग्रुपवर चांगलं खणखणीत उत्तर द्यायला फोन तोंडाशी धरला, तर घशातून नुसती हवा.

६ मार्च
डॉक्टरांकडे (घशाच्या). आवाज पार बसलाय. चार-पाच दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही, कुजबुजसुद्धा नाही. ही एकदम म्हणाली, मी बघते ते. इतक्या उत्साहाने तिने आजवर कुठलं पथ्य सांभाळलेलं नाही.

७ मार्च
करण्यासारखं काही नाही. दुपारी हिच्याजवळ मागच्या पायरीवर बसलो. ती मटार सोलत होती.

आणि तो आला. हातभर अंतरावरच्या फांदीवर. पिवळाधमक, डोळ्यात काजळ. पाठोपाठ त्याची मादी. फांदीच्या बेचक्यात गवताची काडी गुंडाळत होते दोघं. घरटं! पश्चिमेच्या सगळ्या मंडळींनी मिळून हे पाहिलेलं नाही. मी हिचा दंड धरला. ती म्हणाली, अहो, पंधरा दिवस झाले.

साक्षीदार होता, पण सभासद नव्हता.

८ मार्च
पुन्हा पायरी. पक्षी आपल्या कामात. ही बोलत होती. ही बोलते! आमच्या घरात मिक्सरशिवाय आणखी कुणी बोलतं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. लग्नाआधी ती पोहायची म्हणे. नदी पार करायची. मला कुणी सांगितलंच नाही. तिला हातवाऱ्यांनी विचारलं, आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, सुरुवात केली होती दोन-तीनदा.

क्लबमधून माणूस आला. दातांच्या डॉक्टरने घशासाठी गोळ्या पाठवल्यात, बाईंनी मधाची बाटली. चिठ्ठीत : फेरी एकोणीसला, तोपर्यंत आवाज येईल ना? पूर्व किनारा तुमच्यासाठी राखून ठेवला आहे. माणसं वाईट नाहीत. मध चांगला आहे. मात्र घेतला नाही, आवाज इतक्यात यायला नको.

९ मार्च
नदीच्या गोष्टीत एक पूर आहे. तिची धाकटी बहीण पाण्यात ओढली गेली आणि ही मागून उडी टाकून निघाली, इथपर्यंत आज आलंय. मेव्हणी धडधाकट आहे, म्हणजे शेवट गोडच असणार. पण कसं वाचवलं? मटार संपले, तिने उद्या सांगते म्हटलं. उद्याची वाट बघतोय. पक्ष्यांचीही, पण आधी पुराची.

संकल्प : आवाज आला तरी पायरीवर बोलायचं नाही.

१० मार्च
सकाळी उठलो तो घसा मोकळा. कुणाला सांगितलं नाही.

दुपारी पायरीवर. घरट्याचा झोळणा जवळजवळ पुरा झालेला. ही सांगत होती, पाणी लाल होतं, बहिणीची वेणी तेवढी हाताला लागली, आणि मी मनात म्हटलं, पुढे? आणि तेवढ्यात नर माझ्या गुडघ्यापाशी येऊन बसला. अगदी गुडघ्यापाशी. तोंडातून गेलंच. अगं बघ बघ! फलाट नऊपर्यंत जाईल असं.

नर उडाला. मादी उडाली. चोचीतली काडी पायरीवर पडली.

ही थांबली. म्हणाली, येतील परत, घरटं सोडून जात नाहीत सहसा. मग मटारांचं भांडं उचललं आणि आत गेली.

वेणी हाताला लागल्यावर पुढे काय झालं, ते विचारायचं राहिलं. तेवढ्यात मिक्सर सुरू झाला होता.