तिसरा अंक माझा नाही

नाव बदललं की माणूस बदलतो, हे तुझं म्हणणं मला आजही कबूल नाही, टेकचंद. नाटकात सुखदेवचा सुखलाल केला, आंधळगाव गाळून नुसतं 'एक गाव' म्हटलं, की झालं का? माझी माय अडाणी आहे, बहिरी नाही.

म्हणून मी, सुखदेव रामाजी बारापात्रे, वय चोवीस, धंदा विणकाम, शिक्षण चौथी, राहणार आंधळगाव, जिल्हा भंडारा, हल्ली मुक्काम सुरत, पूर्ण शुद्धीत, न पिता, कोणाच्या सांगण्यावरून नाही, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. कारण असं की मागाचे बीम उचलून मला हर्निया झाला. ऑपरेशनआधी दवाखान्यात एका कागदावर सही घेतली, जिवाचं बरंवाईट झालं तर डॉक्टर जबाबदार नाहीत म्हणून. तेव्हा म्हटलं, डॉक्टर नाहीत तर कोण कशाला जबाबदार आहे, तेही लिहून टाकावं.

कलम पहिले. घर आणि बाबांचा खड्डामाग माझ्या मायच्या, शकुबाईच्या, नावे. माग तिला वाटल्यास विकावा. पण त्याची लाकडं गावच्या मंडईच्या जत्रेत, नाटकाचे पडदे बांधायला देऊ नयेत. मागे टेकचंदनं मागितली होती, मी हो म्हणालो होतो. ते हो मी परत घेतो.

कलम दुसरे, माझ्या पत्रांबद्दल. दर महिन्याला मी मायला पत्र टाकत होतो आणि टेकचंद ते वाचून दाखवायचा. मित्र तोच, वाचणाराही तोच. यंदा दिवाळीनंतरच्या मंडईत त्यानं स्वतः लिहिलेलं नाटक लावलं. आमचे शेजारी मधुकरराव धकाते लुगड्यांसाठी जरीचा धागा घ्यायला सुरतेला आले, त्यांनी ते डोळ्यानं पाहिलं, म्हणून मला समजलं.

पहिल्या अंकात सुखलाल परगावी मागावर जातो आणि लिहितो, "माय, इथल्या भाताले वासच नाई. डोळे मिटून खाल्ला तं काय खाल्लं समजत नाई." हे माझं वाक्य. बायकांच्या बाजूला माय उठून उभी राहिली. "हे तं माह्या सुखदेवचं पत्र होय वो!" मागच्या बाया ओरडल्या, "बस वो शकुबाई, दिसून नाई राहिलं!" ती बसली. तिसऱ्या अंकात नागपूरहून आणलेली नटी आली. सुखलाल तिला घेऊन राहतो, दारू पितो, मायचं नाव काढलं की हसतो. म्हातारी दारात वाट पाहून मरते.

सारा मंडप रडला. माय रडली नाही म्हणे. घरी जाताना मधुकररावांना म्हणाली, "भाऊ, टेकचंद पत्र वाचता वाचता थांबे अन् खाकरे. मले वाटे, गळा बसला. तं हे गाळत होता तो."

पहिला अंक खरा, तर तिसराही खराच, असं ती समजली. तिची चूक नाही. त्यानंतरची माझी मनीऑर्डर परत आली. पोस्टमनला ती म्हणाली, "त्या बाईलेच लुगडं घे म्हणा."

ती बाई नाही. कधीच नव्हती. आम्ही सहा जण एका खोलीत राहतो, झोपतोही पाळीनं.

तरी मुलींच्या शाळेतल्या कुसुमताईंना विनंती की टेकचंदकडून सगळी पत्रं घ्यावीत आणि मायला पहिल्यापासून सलग वाचून दाखवावीत. मध्येच खोकला आला तर खोकून घ्यावं आणि ते वाक्य पुन्हा वाचावं.

कलम तिसरे, नाटकाबद्दल. मधुकररावांनी टेकचंदला विचारलं होतं, "का गा, पोट्ट्याले काहून बदनाम केला?" तर म्हणे, "बावा, पोरगा पैसे पाठवते अन् मायची आठवण काढते, याच्यात नाटक कुठी आहे? भात-भात करून तिकीट खपते का?"

टेकचंद, हे भांडण आपलं जुनंच आहे. तुमसरला सिनेमा पाहून सायकलवर डबलसीट येताना दर वेळी हेच. बायांचा पदर भिजला की खेळ पास, हे तुझं माप. एका सिनेमात तिकीट नाही म्हणून एका म्हाताऱ्याला गाडीतून उतरवतात, तो बाकावर बसून शेंगा खातो, आठवते? पुढे हिरोचं लग्न झालं, व्हिलन मेला, पण मी घरी येईस्तोवर तुला विचारत होतो, त्या म्हाताऱ्याचं काय झालं असंल गा? तू हसला. "लेका, तुह्यासाठी शेंगांचाच सिनेमा काढा लागते." काढा ना. मी पैसे देऊन पाहीन. चांगला माणूस शेवटपर्यंत चांगला कसा राहिला, त्याला किती जड गेलं, हे दाखवायला जास्त अक्कल लागते, आसवं काढायला नाही.

बाई ठेवणारा पोरगा दाखवायला माझी हरकत नाही. असे आहेत, माझ्या खोलीतल्याही एकानं बाहेर ठेवली आहे. पण त्याच्या तोंडात माझा भात कशाला घातला?

ते नाटक पुन्हा लावायचं तर माझी वाक्यं काढावीत. किंवा ठेवावीत आणि सुखलालला एकदा घरी येऊन बोलू द्यावं. ज्याच्यावर गाव थुंकते त्याला गोष्टीत बोलायची एक तरी जागा पाहिजे. नसेल तर ती गोष्ट नाही, चुगली आहे.

कलम चौथे. सायकल टेकचंदकडे आहे, ती मधुकररावांना द्यावी. पत्र्याच्या पेटीतली सिनेमाच्या गाण्यांची पुस्तकं मात्र टेकचंदलाच. दोघांनी मिळून घेतली होती, मी बेइमानी करणार नाही. त्यात गोष्ट अर्धीच छापतात, 'पुढील कथा पडद्यावर पाहा'. पुढची तू बनवून सांगायचा. तेव्हा तुझ्याइतका मोठा माणूस मला दुसरा दिसत नव्हता.

कलम पाचवे. ट्रान्झिस्टर राजय्याला. तो माझ्या बाजूच्या मागावर आहे, तेलुगू बोलतो, हिंदी मोडकी. सिनेमाची गोष्ट सांगता सांगता मी थांबलो की विचारतो, "फिर क्या हुआ?" मला माहीत नसलं तर आम्ही दोघं मिळून विचार करतो. गोष्ट सांगावी तर अशा माणसाला.

वरचे सर्व मी स्वतः लिहिले, वाचून पाहिले, खरे आहे.

सही: सुखदेव रामाजी बारापात्रे
साक्षीदार: मधुकरराव धकाते, आंधळगाव (नाटक स्वतः पाहिले)
साक्षीदार: राजय्या (सही तेलुगूत)
सुरत, ता. १७ जानेवारी १९८२

ता.क. हा कागद मधुकररावांच्या हाती कुसुमताईंकडे देत आहे. मायला वाचून दाखवावा. ऑपरेशन थोडं पुढे ढकलता येते, असं डॉक्टर म्हणाले. माय येऊन खोली पाहीपर्यंत मी टेबलावर चढणार नाही. माय, तुझ्या नावानं पुन्हा मनीऑर्डर केली आहे, ही परत करू नको. हे पैसे घरखर्चाचे नाहीत. तुझं अन् कुसुमताईंचं जायचं-यायचं रेल्वेभाडं आहे, अक्षरी रुपये दोनशे वीस फक्त.